आधी ऐका, मग काढा

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना लोणार तालुक्यातले बीबी लागते. पोलीस ठाणे असलेले हे मोठे गाव, पण भोवतालची बरीचशी शेती पावसाच्या भरवशावरची. अशा गावात घरातला एक जण सरकारी नोकरीत असणे म्हणजे काय, हे मुंबई-पुण्याच्या वाचकाला समजावून सांगावे लागेल. वऱ्हाडातल्या वाचकाला नाही. पावसाने डोळे वटारले तरी महिन्याच्या महिन्याला घरात येणारी ती एकमेव रक्कम असते. धाकट्याचे शिक्षण, बहिणीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, आईचे औषधपाणी, सगळे त्या एका पगाराला बांधलेले असते. मास्तर, तलाठी, पोलीस शिपाई, दवाखान्यातला कंपाउंडर, कचेरीतला कारकून ही माणसे सरकारच्या लेखी ‘कर्मचारी’ असतील. घराच्या लेखी ती बारमाही विहीर असते.

आणि एके दिवशी हातात एक पाकीट पडते. आत दोन-चार ओळींचा आदेश असतो. ‘आपणास सेवेतून मुक्त करण्यात येत आहे’, किंवा ‘आपणास मूळ पदावर पदावनत करण्यात येत आहे’. खाली सही आणि शिक्का. संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरते आणि पारावर एकच वाक्य ऐकू येते : ‘काहीतरी केलं असंल, उगाच कोणी काढते का?’

कायद्याचा प्रश्न मात्र दुसराच असतो. त्याने काय केले, हे कायदा नंतर विचारतो. आधी विचारतो : त्याला आरोप सांगितला होता का? त्याचे म्हणणे ऐकले होते का? हा क्रम फार महत्त्वाचा आहे. गेल्या पाऊणशे वर्षांत कितीतरी घरांची चूल या क्रमामुळे पुन्हा पेटली आहे. तो पक्का करण्यात मोठ्या साहेबांइतकाच शिपाई, फौजदार, हिशेबनीस अशा माणसांचा वाटा आहे.

मर्जी आणि वचन

ब्रिटिश अमदानीत सरकारी नोकर हा राजाच्या मर्जीने नोकरीत असे. मर्जी फिरली की नोकरी गेली. स्वतंत्र भारताच्या घटनेत ही मर्जी पुरती गेलेली नाही. कलम ३१० म्हणते, की सरकारी नोकर राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांची मर्जी असेपर्यंत पद धारण करतो. पण लगेच पुढचे कलम ३११ त्या मर्जीला वेसण घालते. त्यात दोन गोष्टी आहेत. नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला कर्मचाऱ्यास बडतर्फ करता येत नाही किंवा काढून टाकता येत नाही, ही पहिली. आणि बडतर्फी, सेवेतून काढणे किंवा पदावनती यांपैकी कोणतीही शिक्षा करण्यापूर्वी चौकशी झाली पाहिजे, आरोप कळवले पाहिजेत आणि बाजू मांडायची वाजवी संधी दिली पाहिजे, ही दुसरी.

लाचखोराला कशाला हवे एवढे संरक्षण, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. सात-बाऱ्याच्या उताऱ्यासाठी चार खेटे घातलेल्या माणसाला तर तो हमखास पडतो. पण हे कलम नोकरी वाचवण्याचे वचन देत नाही. ते फक्त चौकशीचे वचन देते. चौकशीत दोष सिद्ध झाला तर सरकारला खुशाल घरी पाठवता येते. ऑक्टोबर १९४९ मध्ये घटना समितीत सरदार पटेलांनी सेवांच्या संरक्षणाची बाजू लावून धरली, ती मंत्र्यासमोर आपले मत मोकळेपणाने मांडणारा अधिकारी टिकावा म्हणून. नियमाविरुद्ध सही करायला नकार देणाऱ्या तलाठ्यालाही तेच कलम लागते. लाचखोर आणि प्रामाणिक यांतला फरक चौकशीवाचून कळणार कसा?

अकोल्याकडचे प्रकरण

आता या वचनाची मर्यादा दाखवणारे एक प्रकरण पाहू. ते आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्याशी निगडित आहे आणि कायद्याच्या पुस्तकांत ‘मुंबई राज्य विरुद्ध अब्राहम’ या नावाने ओळखले जाते. मूळ पद पोलीस निरीक्षकाचे. बढती मिळून ते स्थानापन्न उपअधीक्षक म्हणून काम करत होते. पुढे त्यांना कोणतीही संधी न देता परत निरीक्षक करण्यात आले. त्यांनी कारण विचारले, ते दिले गेले नाही. अकोल्याच्या पोलीस अधीक्षकांनी पाठवलेल्या एका गोपनीय पत्रातील आरोपांची चौकशी नंतर त्यांच्या पाठीमागे झाली. त्या चौकशीत आरोप सिद्ध झाले नाहीत. तरीही पदावनतीचा आदेश कायम राहिला.

उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने कौल लागला. पण सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९६१ मध्ये तो निकाल फिरला. तोपर्यंत महाराष्ट्र स्थापन होऊन दीड वर्ष उलटले होते, पण खटल्याच्या नावात मुंबई राज्यच राहिले. न्यायालयाने म्हटले, की स्थानापन्न पद हे मुळातच पारखून पाहण्यासाठी दिलेले असते. माणूस त्या पदाला योग्य आहे की नाही, हे ठरवण्याचा आणि त्यासाठी माहिती काढण्याचा अधिकार सरकारला आहे. योग्य वाटला नाही म्हणून मूळ पदावर पाठवले, तर ती शिक्षा ठरत नाही. आणि शिक्षा नसेल तर ३११ लागू होत नाही.

हा निकाल वाचून मन खट्टू होते. पण त्यामागचा नियम १९५७ सालीच ठरला होता. रेल्वेतील पुरुषोत्तमलाल धिंग्रा यांनाही असेच स्थानापन्न पदावरून खाली आणले होते आणि तेही हरले होते. त्या खटल्यात न्यायालयाने दोन कसोट्या घालून दिल्या. त्या पदावर माणसाचा हक्क होता का? आणि त्या आदेशाने त्याचे दंड ठरावे असे नुकसान झाले का, म्हणजे पगार बुडाला, ज्येष्ठता गेली, पुढच्या बढतीचा रस्ता बंद झाला का? दोहोंपैकी एकाचे उत्तर ‘हो’ असेल, तर आदेशाची भाषा कितीही गोड असो, ती शिक्षाच.

म्हणून बढतीचा आदेश आला की पेढे वाटण्यापूर्वी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. ‘तात्पुरत्या स्वरूपात’, ‘ज्येष्ठतेचा हक्क न देता’ असे शब्द त्यात असतील, तर ती खुर्ची अजून आपली झालेली नाही, हे घरातल्या सर्वांनी ध्यानात ठेवावे.

साध्या आदेशाआड दडलेली शिक्षा

मग स्थानापन्न किंवा परिविक्षेवरच्या माणसाला वालीच नाही का? आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीत १९८१ च्या जून महिन्यात एका पावसाळी सकाळी प्रशिक्षणार्थी अधिकारी कवायतीला उशिरा पोहोचले. प्रबोधिनीच्या प्रमुखांना ही शिस्तभंगाची बाब वाटली. अनेकांकडून खुलासे मागवले गेले, पण घरी पाठवले गेले ते अनूप जयस्वाल या एकाच तरुणाला. आदेशात आरोपाचा एकही शब्द नव्हता. नुसते ‘सेवामुक्त’.

जानेवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द करून त्यांना परत सेवेत घ्यायला लावले. न्यायालय म्हणाले, आम्ही आदेशाचा पडदा बाजूला सारून मागे काय आहे ते पाहू शकतो. मागे दिसली ती एका विशिष्ट गैरवर्तनाची शिक्षा, आणि तीही चौकशीविना दिलेली. पुढे हे जयस्वाल पोलीस सेवेत वरच्या पदापर्यंत पोहोचले.

अब्राहम हरले आणि जयस्वाल जिंकले, यातला फरक बारीक पण कामाचा आहे. माणूस एकूण कामाला योग्य नाही, असे ठरवून त्याला सोडले तर कायदा आड येत नाही. पण अमुक दिवशी तमुक गैरवर्तन केले, असे मनात धरून, ते न सांगता, न विचारता, साध्या आदेशाच्या आडून त्याला हाकलले तर कायदा आड येतो. परिविक्षेवरील तरुणांच्या दाव्यांमध्ये सारा वाद याच एका रेषेवर होतो.

शिपायाची लढाई, सातारकर न्यायमूर्ती

कायम झालेल्या नोकराची स्थिती याहून भक्कम आहे. पण तीही आपोआप भक्कम झाली नाही. रेल्वेच्या नियमांत पूर्वी एक तरतूद होती. कायम कर्मचाऱ्यालाही नोटीस देऊन, कारण न सांगता सेवेतून दूर करता येत असे. ईशान्य सीमा रेल्वेतील मोतीराम डेका हा शिपाई या तरतुदीचा बळी ठरला. आसामच्या उच्च न्यायालयात त्याला दाद मिळाली नाही. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ५ डिसेंबर १९६३ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने निकाल दिला आणि ती तरतूद रद्दबातल ठरवली.

बहुमताचा मुख्य निकाल लिहिला तो साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. दोनच महिन्यांनी ते देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांची मांडणी साधी होती. कायम झालेल्या नोकराला निवृत्तीच्या वयापर्यंत पदावर राहण्याचा हक्क असतो. त्यापूर्वी सरकारने त्याला नोटीस देऊन घालवले, तर त्याला काहीही नाव द्या, ते काढून टाकणेच होय आणि त्याला ३११ लागणारच. एका शिपायाच्या नावाने ओळखला जाणारा हा निकाल पुढे देशभरातल्या कायम सरकारी नोकरांची ढाल ठरला.

महिन्याला एक रुपया

अंतिम आदेश येण्यापूर्वी बहुतेक वेळा येते ते निलंबन. निलंबन ही शिक्षा नाही, असे कायदा सांगतो. ज्याच्या घरी ते येते त्याला हे पटणे कठीण. या काळात निर्वाह भत्ता मिळतो. सुरुवातीला तो अर्धपगारी रजेच्या वेतनाच्या आसपास असतो. महाराष्ट्रात मात्र एकेकाळी मुंबई नागरी सेवा नियमांत एक चमत्कारिक पोटनियम होता. फौजदारी खटल्यात शिक्षा झालेल्या निलंबित कर्मचाऱ्याचे अपील चालू असेल, तर त्याला महिन्याला नाममात्र एक रुपया निर्वाह भत्ता मिळे.

एका रुपयात निर्वाह! हा प्रश्न ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रभान ताले’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि जुलै १९८३ मध्ये तो पोटनियम घटनाविरोधी ठरला. निर्वाह भत्ता हा जगण्यासाठी असतो. एक रुपया देणे म्हणजे तो न देण्यासारखेच आहे. शिवाय पोटात अन्न नसलेला माणूस आपला बचाव करणार कसा? मध्य प्रदेशातील एका वनकर्मचाऱ्याच्या प्रकरणात १९७३ सालीच हे दिसले होते. चौकशी घरापासून सुमारे ५०० किलोमीटरवर, भत्त्याचा पत्ता नाही, म्हणून तो हजर राहू शकला नाही आणि चौकशी एकतर्फी उरकली गेली. न्यायालयाने ती चौकशीच मोडीत काढली.

निलंबन वर्षानुवर्षे लांबवण्यालाही आता आळा बसला आहे. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१५ मध्ये सांगितले. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१९ मध्ये त्याप्रमाणे निर्णय काढला.

चौकशी म्हणजे काय?

राज्य सरकारच्या नोकरांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू आहेत. बडतर्फी, काढून टाकणे, पदावनती, सक्तीची निवृत्ती या मोठ्या शिक्षा. त्यासाठी पूर्ण विभागीय चौकशी लागते. आधी दोषारोपपत्र, सोबत साक्षीदारांची व कागदपत्रांची यादी, मग कर्मचाऱ्याचे लेखी उत्तर, साक्षी, उलटतपासणी, बचावाचे साक्षीदार आणि शेवटी चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल. कर्मचाऱ्याला दुसऱ्या सरकारी कर्मचाऱ्याची मदत घेता येते. बडतर्फी आणि काढून टाकणे यांतही फरक आहे. काढलेल्या माणसाला पुन्हा सरकारी नोकरीचे दार बंद होत नाही. बडतर्फाला ते सर्वसाधारणपणे बंद होते.

या चौकशीतला शेवटचा टप्पा बरीच वर्षे अंधारात होता. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षेबाबत म्हणणे मांडण्याची दुसरी संधी काढून घेतली. मग चौकशीचा अहवाल थेट वरिष्ठांच्या टेबलावर जाई आणि कर्मचाऱ्याच्या हाती पडे तो शिक्षेचा आदेश. आपल्याविरुद्ध काय निष्कर्ष निघाला, हे त्याला शिक्षेनंतर कळे. नोव्हेंबर १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत चुकीची ठरवली आणि १ ऑक्टोबर १९९३ रोजी घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. हाही बहुमताचा निकाल एका मराठी न्यायमूर्तींनी, पी. बी. सावंत यांनी लिहिला. शिक्षा ठरवण्यापूर्वी अहवालाची प्रत दिलीच पाहिजे आणि त्यावर म्हणणे मांडू दिले पाहिजे. मात्र सावंतांनी एक इशाराही देऊन ठेवला. प्रत मिळाली नाही एवढ्यावर आदेश आपोआप रद्द होणार नाही. तिच्या अभावी आपले काय बिघडले, हे कर्मचाऱ्याने दाखवले पाहिजे.

चौकशीविना काढण्याच्या तीन वाटा घटनेनेच ठेवल्या आहेत. फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरणे, चौकशी करणे व्यवहारतः अशक्य असणे आणि राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असणे. जुलै १९८५ च्या तुलसीराम पटेल निकालाने या वाटांवर मोहोर उमटवली. पण चौकशी अशक्य का, याची कारणे लिहून ठेवावी लागतात आणि ती न्यायालय तपासू शकते. साहेबांना कटकट नको, हे कारण होऊ शकत नाही.

दार कोणते ठोठवायचे?

आपल्याकडची मोठी गफलत इथे होते. गावाच्या दृष्टीने सगळेच ‘सरकारी’. कायद्याच्या दृष्टीने प्रत्येकाचे दार वेगळे आहे. तलाठी, पोलीस शिपाई, तहसीलमधला कारकून हे राज्य शासनाचे नोकर. त्यांनी आधी खात्यात अपील करायचे आणि मग महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे ‘मॅट’मध्ये जायचे. जुलै १९९१ मध्ये स्थापन झालेल्या मॅटचे मुख्य पीठ मुंबईला असून नागपूर आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे त्याची खंडपीठे आहेत. बीबीहून संभाजीनगर नागपूरच्या निम्म्याहून कमी अंतरावर. पण बुलढाणा जिल्हा विदर्भातला, म्हणून फेऱ्या नागपूरच्या.

जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी मॅटमध्ये जाऊ शकत नाहीत. त्यांना जिल्हा परिषदेचे १९६४ चे शिस्त व अपील नियम लागू होतात. त्यांचे अपील विभागीय आयुक्तांकडे आणि पुढे उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ. एसटीचा वाहक महामंडळाचा नोकर. त्याची वाट कामगार न्यायालयाकडे जाते. खासगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकासाठी १९७७ च्या कायद्याखालील शाळा न्यायाधिकरण आहे आणि तिथे अपिलाची मुदत अवघी ३० दिवसांची. मॅटमध्ये साधारणपणे अंतिम आदेशापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. खात्यातले अपील सहा महिने पडून राहिले, तर तिथून पुढे वर्ष मोजतात. मॅटच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते, हे मार्च १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालाने स्पष्ट केले.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण शहाणपणाची खरी, पण नोकरीच्या बाबतीत तिने अनेकांचे नुकसान केले आहे. साहेबांना भेटू, आमदारांचे पत्र आणू, ओळख काढू, यात महिने जातात आणि मुदत संपते. ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ही दुसरी म्हण तर कर्मचाऱ्याला चांगलीच ठाऊक असते. मग स्वतःच्या बाबतीत त्याने थांबून कसे चालेल?

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. न्यायालय किंवा मॅट पुन्हा पहिल्यापासून चौकशी करत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या चतुर्वेदी निकालात ते सांगितले आहे. चौकशी नियमाप्रमाणे झाली का, निष्कर्षाला काही पुरावा आहे का आणि शिक्षा मनाला धक्का बसावा इतकी अवाजवी आहे का, एवढेच पाहिले जाते. म्हणून खरी लढाई विभागीय चौकशीतच लढावी लागते. ‘पुढे कोर्टात पाहून घेऊ’ म्हणून जो चौकशीला गैरहजर राहतो, तो आपली अर्धी बाजू तिथेच गमावतो.

घरच्यांसाठी

हा विषय कचेरीतला असला तरी त्याची झळ घराला लागते. संभाजीनगरातील एका खासगी प्राथमिक शाळेच्या शिक्षिका दीपाली सुरवसे यांना सेवेतून काढले गेले. शाळा न्यायाधिकरणाने त्यांना मागील पगारासह परत घ्यायला सांगितले. उच्च न्यायालयाने मागचा पगार नाकारला. ऑगस्ट २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पूर्ण मिळवून दिला. त्या निकालात न्यायालयाने ओळखले, की बेकायदा काढलेल्या माणसाबरोबर त्याचे सारे कुटुंब होरपळते. पोराबाळांचे खाणे, शिक्षण सगळे उणे होते आणि हे नुकसान पैशांत मोजता येत नाही. खासगी शाळेतल्या एका शिक्षिकेचा हा निकाल आज देशभर थकीत पगाराच्या दाव्यांत दाखवला जातो.

म्हणून ते पाकीट घरी आले, तर रडारड आणि रागराग दोन दिवस बाजूला ठेवून काही साधी कामे घरातल्या कोणीतरी करावीत. पाकीट फेकू नये. त्यावरच्या शिक्क्याची तारीखही पुरावा असते. आदेश कोणत्या तारखेला हाती पडला, ते लिहून ठेवावे. नेमणुकीचा आदेश, कायम केल्याचा आदेश, बढतीचा आदेश, दोषारोपपत्र आणि त्याला दिलेले उत्तर या सर्वांच्या प्रती एका पिशवीत ठेवाव्यात. खुलासा तोंडी देऊ नये, लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. आणि जाणत्या वकिलाला मुदतीच्या आत भेटावे.

राहता राहिला पाराचा प्रश्न. माणूस दोषी असेलही, नसेलही. घटनेने तो निर्णय ना साहेबांच्या मर्जीवर सोडला, ना पाराच्या तर्कावर. त्यासाठी चौकशी सांगितली. चौकशीत जो दोषी ठरेल त्याच्या बाजूने कोणी उभे राहू नये. पण त्याआधी, ज्याच्या घरी पगार थांबला आहे त्याच्या घरचा किराणा उधारीवर देणारा दुकानदार आणि त्याच्या मुलांची चौकशी करणारा शेजारी, हे दोघेही कायदा न वाचता कायद्याप्रमाणेच वागत असतात.